टेबलावरचा म्युऑन स्कॅनर: शिसे ओळखतो, पण रात्रभर वेळ घेतो

जाड आवरणातली जड वस्तू पेटी न उघडता दाखवणारा, टेबलावर मावणारा म्युऑन स्कॅनर मी गेले दोन महिने वापरत आहे. क्ष-किरण ज्या शिशात अडकतात त्यातून म्युऑन (इलेक्ट्रॉनासारखेच, पण त्याहून बरेच जड कण) सहज पार होतात आणि ते आकाशातून आपोआप येत असतात, त्यामुळे या उपकरणात किरणोत्सर्गी स्रोत लागत नाही.

वस्तूच्या वर दोन आणि खाली दोन चौकटी, प्रत्येकीत सिंटिलेटरच्या (म्युऑनसारखा कण आतून गेला की क्षणभर चमकणाऱ्या पदार्थाच्या) एक सेंटीमीटर रुंद आडव्या-उभ्या पट्ट्या, अशी याची रचना आहे. वरच्या जोडीवरून म्युऑन कोणत्या दिशेने आला ते कळते, खालच्या जोडीवरून तो किती वळला ते. ३ गिगाइलेक्ट्रॉन व्होल्ट ऊर्जेचा म्युऑन दहा सेंटीमीटर शिशातून जाताना साधारण एक अंशाने वळतो, तेवढ्याच लोखंडातून त्याच्या निम्म्याहून किंचित जास्त. चित्राचा सगळा डोलारा या फरकावर उभा आहे.

गोम इथेच आहे. जोडीतल्या चौकटींमध्ये २० सेंटीमीटरच अंतर असल्याने कोन मोजण्यातली चूकच एक अंशाहून जास्त भरते, म्हणून हजारो म्युऑनांची नोंद जमल्याशिवाय काही ठरवता येत नाही. समुद्रसपाटीला चौरस सेंटीमीटरमागे मिनिटाला सुमारे एकच म्युऑन येतो, आणि चारही चौकटींतून जाणारे त्याहून बरेच कमी. लोखंडी पेटीत शिशाची व लोखंडाची वीट शेजारी ठेवली, तेव्हा तासाभरात नुसते विखुरलेले ठिपके दिसले. सकाळी मात्र शिशाच्या जागी ठळक डाग होता, कडा विरघळलेल्या का असेनात. अंतर ४० सेंटीमीटर केल्यावर कडा सुधारल्या, पण मोजणी घटली आणि वेळ आणखी वाढला.

माहितीपत्रकातले ‘काही मिनिटांत चित्र’ हे आश्वासन त्यामुळे मला पटले नाही. त्यात खुफूच्या पिरॅमिडमधल्या, २०१७ साली जाहीर झालेल्या पोकळीचाही दाखला आहे, पण तिथे म्युऑन किती वळले हे नव्हे, तर किती पोहोचले हे पाहिले होते, आणि तेही महिनोन्‌महिने.

एकदा खोलीतला दिवा लावताच तिसऱ्या चौकटीची मोजणी अचानक चढली. कोपऱ्यातली काळी टेप उचलली गेली होती आणि उजेड आत शिरत होता. नवी टेप मलाच लावावी लागली, कारण विक्रेत्याने दोन पत्रांना उत्तर दिले नाही.

तरीही प्रयोगशाळेत शिकवण्यासाठी मी हे उपकरण सुचवेन, कारण प्रत्येक म्युऑनची कच्ची नोंद साध्या फाइलमध्ये मिळते आणि विद्यार्थ्यांना चित्र जुळवण्याची आपली पद्धत स्वतः लिहून पाहता येते.