जळगावचं फॉर्म सेंटर: कागद त्यांच्याकडे द्या, ऑप्शनची यादी नको

इंजिनिअरिंगच्या प्रवेशाचे फॉर्म भरून देणाऱ्या या सेंटरला पाचपैकी तीन तारे. दोन का कापले ते खाली येईलच.

मी चोपडा तालुक्यातली. दहावीनंतर अकरावी सायन्स न घेता पॉलीला, म्हणजे पॉलिटेक्निकच्या डिप्लोमाला गेले, कारण दोन वर्षांच्या क्लासची फी घरात निघणारच नव्हती. आमच्याकडे डिप्लोमा म्हटलं की लोक लगेच, 'का, बारावी झेपली नसती का?' डिप्लोमानंतर इंजिनिअरिंगच्या थेट दुसऱ्या वर्षाला बसता येतं, तेही जेईई-सीईटी न देता, हे निम्म्या गावाला माहीत नाही. डिप्लोमाच्या टक्क्यांवर मेरिट लागतं. जागा मात्र मोजक्या. मंजूर जागांच्या दहा टक्के, म्हणजे साठच्या वर्गाला सहा, आणि पहिल्या वर्षाच्या काही रिकाम्या राहिल्या तर त्या. आता पुण्याचं सीओईपी नाहीतर मुंबईचं व्हीजेटीआय, असल्या नावाजलेल्या कॉलेजांत रिकाम्या कुठून राहणार?

मला इलेक्ट्रिकलला ९४.६३ पडले. नाना तेव्हा केळीच्या बागेत होते. फोनवर म्हणाले, "पुढचं त्या जळगावच्या सेंटरवाल्याला विचार, त्याला सगळं ठाऊक असतं."

तर हे सेंटर. स्टँडपासून चालत पाच मिनिटं, एकच खोली, तीन कॉम्प्युटर, बाहेर चपलांचा ढीग. फॉर्मपासून ऑप्शनपर्यंत, म्हणजे कॉलेजांच्या पसंतीक्रमाच्या यादीपर्यंत, ५०० रुपये. नाव टाकत नाही, जळगावकर ओळखतीलच.

कागदांच्या बाबतीत माणूस पक्का. माझ्या ओबीसीच्या नॉन-क्रिमीलेअर दाखल्याची मुदत ३१ मार्चलाच संपली होती, ते त्याने पहिल्या नजरेत पकडलं. मी फाईल काढून खुर्चीवर नीट बसलेही नव्हते. "ताई, हे असंच अपलोड केलं तर स्क्रुटिनीत ओपनमध्ये जाल. आधी तहसीलला पळा." पळाले. नवीन दाखला आला तेव्हा शेवटच्या तारखेला चार दिवस होते. स्कॅन स्वच्छ, नावाचं स्पेलिंग मार्कशीटशी अक्षर अन् अक्षर जुळवलेलं. तीन तारे याचेच.

आता ऑप्शन फॉर्म. मी शेजारच्या मुलीशी बोलत होते तेवढ्यात त्याने भरून प्रिंट हातात दिली. एक नंबरला जळगावातलंच एक खासगी कॉलेज. दोनला भुसावळ. सीओईपी अकराव्या नंबरावर.

"दादा, हे असं का?"

"सेफ खेळायचं ताई. पुण्याला मेरिट कुठे लागतं आपलं? अन् मुलीच्या जातीने इतक्या लांब कशाला?"

दुसऱ्या वाक्याला मी उत्तरच दिलं नाही. पण पहिल्यातही घोळ आहे, आणि तो बऱ्याच पोरांना गावात अडकवतो. कॅपमध्ये, म्हणजे सरकारच्या केंद्रीय प्रवेश फेऱ्यांत, कॉम्प्युटर तुमची यादी वरून खाली वाचत येतो आणि जिथे मेरिट बसेल तिथे थांबतो. सीओईपी पहिल्या नंबरला टाकलं आणि नाही मिळालं, तर तो दुसऱ्याकडे जातो, तुमचं काहीच जात नाही. उलट जवळचं कॉलेज वर टाकलं की पहिल्याच फेरीत तेच लागतं, आणि एक नंबरचा ऑप्शन लागला की सीट आपोआप फ्रीझ. पुढच्या फेऱ्यांचे दरवाजे बंद. याला सेफ म्हणायचं?

मी मोबाईलवर मागच्या वर्षीच्या कटऑफची पीडीएफ उघडून एलओबीसीचा, म्हणजे ओबीसी मुलींचा रकाना दाखवला. सीओईपीच्या इलेक्ट्रिकलचा आकडा माझ्या आसपासच होता. दादा जरा गप्प झाले. मग म्हणाले, "बदलायचं असेल तर बदला, पण कन्फर्म झाल्यावर माझ्या नावाने बोंबलू नका." यादी मी स्वतः लावली: सीओईपी, व्हीजेटीआय, मग बाकीची. घरी येऊन पासवर्डही बदलला, कारण तो त्यांच्या लाल वहीत माझ्या नावापुढे लिहिलेला दिसला होता. माझ्या वर अन् खाली आणखी पंचवीस-तीस पोरांचे.

पहिल्या फेरीला चौथ्या नंबरचं कॉलेज लागलं. बेटरमेंट घेतलं, म्हणजे ती सीट हातात ठेवून पुढच्या फेरीत वरच्या ऑप्शनची वाट पाहिली. दुसऱ्या फेरीला सीओईपी, इलेक्ट्रिकल. महाराष्ट्र एक्सप्रेसने पुण्याला निघाले, तर आईने बिबड्यांचा (ज्वारीच्या पापडांचा) डबा दिला होता. पुणे स्टेशनला पोचेपर्यंत निम्म्यांचा चुरा.

इथलं गणित जड जातंय, खोटं कशाला बोलू. वर्गातली सीईटीवाली पोरं इंटिग्रेशन तोंडी करतात. लॅबमध्ये मोटारच्या जोडण्या करायची वेळ आली की तीच पोरं माझ्या टेबलाकडे येतात.

दिवाळीला धाकट्या भावाच्या झेरॉक्ससाठी पुन्हा त्या सेंटरला गेले. काउंटरच्या वर माझा फोटो, खाली ठळक अक्षरांत 'आमच्या मार्गदर्शनाने सीओईपी, पुणे'. काढा म्हटलं, तर दादा म्हणतात, "राहू द्या ना ताई, लॅमिनेशनचेच ऐंशी रुपये गेलेत."