उजाड डोंगरउतार: रोपं लावावीत की नुसता राखावा?

सह्याद्रीत दोन-चार एकर उतार घेतला की पहिला प्रश्न हाच. राखणं म्हणजे चराई, तोड आणि वणवा थांबवून रान आपोआप वाढू देणं. आधी जमीन नीट पाहा. करवंदाची जाळी, ऐन-किंजळ-जांभळाची तोडलेली खोडं दिसली, तर मुळं बहुधा जिवंत आहेत.

खर्च: ३ मीटर अंतराने लावलं तर एकरी सुमारे ४५० खड्डे. दीड-दोन फुटी खड्डे, रोपं, वाहतूक आणि निदान दोन उन्हाळे पाणी. राखण्यात मुख्य खर्च गडग्याचा (रचलेल्या दगडांच्या भिंतीचा) किंवा कुंपणाचा. शिवाय दरवर्षी गवत वाळलं की वणवा लागायच्या आत ३ मीटर रुंद जाळपट्टा, म्हणजे आग अडवायला गवत काढून मोकळी केलेली पट्टी. चराईबद्दल गावाशी आधी बोला. गडग्यापेक्षा ते जास्त टिकतं.

मर कशाने: पिशवीत गुंडाळलेली मुळं तशीच पुरली की झाड काही वर्षांनी वाऱ्याने लवंडतं. पिशवी पूर्ण काढा, तळाची वेटोळी कापा, दोन चांगले पाऊस झाल्यावरच लावा. खुंटाच्या फुटव्याला जुन्या मुळांचा आधार असतो, पाणी लागत नाही. मात्र पाच-सहा फुटव्यांतले दोन जोमदार ठेवून बाकीचे छाटा. रानमोडी आणि घाणेरी ही पसरणारी परदेशी झुडपं फुलायच्या आत मुळासकट उपटा, नाहीतर राखलेलं रान तीच गिळतात.

विविधता: फुकट मिळणारं गिरिपुष्प (ग्लिरिसिडिया, परदेशी झाड) सगळीकडे लावलं म्हणजे जंगल नव्हे.

खुंट असतील तर राखा. माती उघडी, आसपास बियांची झाडं नाहीत, तिथे स्थानिक रोपं लावा. आणि मुळातच गवताळ माळ असेल, तर कुदळ घरीच ठेवा. तणमोरासारख्या माळरानावरच्या पक्ष्याला झाडं नकोत, गवत हवं.