नागपूरहून उडताना ट्रेमध्ये काय घ्यावं

नागपूर-मुंबई किंवा नागपूर-दिल्ली, प्रवास साधारण दीड तासाचा. पट्ट्याची खूण विझायला दहा-पंधरा मिनिटं जातात आणि उतरण्याआधी वीस-पंचवीस मिनिटं सगळे ट्रे गोळा व्हावे लागतात. मधल्या पाऊण तासात चार-पाच जणांनी १८० माणसांना वाढायचं असतं. या मार्गांवरच्या जेवणाला गुण देताना आधी हे गणित डोळ्यांसमोर ठेवावं.

दुसरी गोष्ट, हे अन्न ताजं नसतं, आणि त्यात लपवण्यासारखंही काही नाही. जमिनीवरच्या स्वयंपाकघरात ते आतपर्यंत ७५ अंशांच्या आसपास शिजवतात, मग यंत्रात झपाट्याने ५ अंशांच्या खाली गार करतात. विमानातल्या ओव्हनमध्ये गरम हवेवर वीसेक मिनिटं ते पुन्हा तापतं. छोट्या मार्गांवर जाता-येताचं दोन्ही वेळचं जेवण अनेकदा मोठ्या शहरातूनच चढवतात, त्यामुळे सोनेगावहून, म्हणजे नागपूरच्या विमानतळावरून, निघालेल्या विमानातला डबा नागपुरात भरलेला असेलच असं नाही. म्हणून साधा नियम: घरी जो पदार्थ रात्रीचा उरला तरी सकाळी गरम करून चवीने संपतो, तोच विमानात मागवावा.

छोले, राजमा, पनीरची टोमॅटोतली भाजी या नियमात चोख बसतात. रस्सा ओलावा धरून ठेवतो आणि मसाला मुरलेला असतो. उपमाही चांगला, रवा पाणी सोडत नाही. इडली चालेल, पण कडा कोरड्या पडतात. सांबाराची वाटी आधी तिच्यावर ओतावी, दोन मिनिटं थांबावं, मग खावी. ऑम्लेट मात्र टाळाच. दुसऱ्यांदा तापवलं की अंड्यातलं पाणी निघून जातं, वर रबरासारखी जाड साय आणि खाली पाण्याचं थारोळं राहतं. साधा भात गार होताना कडक होतो आणि पुरता मऊ होत नाही. डाळीत कालवलेलाच घ्यावा. पाव सगळ्यात आधी खाऊन टाका, उघडा राहिला की पाच मिनिटांत वातड होतो. दही बहुतेक वेळा निर्दोष असतं, कारण त्याला कुणी तापवत नाही.

बेचव लागतं त्यात स्वयंपाक्याचा दोष थोडाच असतो. केबिनमधला दाब सहा ते आठ हजार फूट उंचीवर असतो तेवढाच, आणि हवा नागपूरच्या मे महिन्यातल्या दुपारसारखी कोरडी. नाक सुकलं की वास कमी येतो. जर्मनीतल्या फ्राउनहोफर संस्थेने २०१० मध्ये कमी दाबाच्या केबिनमध्ये चाचण्या घेतल्या, तेव्हा मीठ २० ते ३० टक्के आणि साखर १५ ते २० टक्के कमी जाणवते असं दिसलं. टोमॅटोची आंबट-गोडसर खोली मात्र टिकते, खडा मसालाही बऱ्यापैकी टिकतो. लवंग, मिरी, दगडफूल घातलेला सावजी रस्सा या हवेसाठीच जन्मला आहे. तो या ट्रेमध्ये यावा ही आमची मनापासूनची मागणी आहे.

चहाची तक्रार सगळे करतात. त्या दाबाला पाणी ९२ अंशांच्या आसपासच उकळतं, त्यामुळे पिशवी चार-पाच मिनिटं बुडवून ठेवा, कप झाकून. शक्य असेल तर दोन पिशव्या मागा.

जुन्या दिवसांची आठवण निघतेच, आणि नागपूरकरांना तो हक्क आहे. १९४९ मध्ये रात्रीची टपाल विमानसेवा सुरू झाली तेव्हा मुंबई, दिल्ली, कलकत्ता आणि मद्रासहून निघालेली विमानं मध्यरात्री इथेच भेटत, टपालाच्या थैल्या आणि प्रवासी अदलाबदल करून परत फिरत. पण चिनी मातीच्या ताटल्या आणि कापडी रुमालांमागे अर्थशास्त्र होतं. आंतरराष्ट्रीय भाडी विमान कंपन्यांची संघटनाच ठरवून देई, म्हणून स्पर्धा ताटावर चाले. १९५८ मध्ये तर स्वस्त वर्गात वाढलेलं सँडविच ‘सँडविच’ म्हणावं की पूर्ण जेवण, यावरून कंपन्यांत भांडण पेटलं आणि स्कँडिनेव्हियन कंपनीला दंड झाला. आपल्याकडे १९५३ पासून सरकारी मक्तेदारी होती, तिचा कायदा १९९४ मध्ये रद्द झाला. २००३ मध्ये एअर डेक्कन आली आणि तिकिटातून जेवण वेगळं झालं. ताटल्यांचं वजन आता इंधनात मोजलं जातं. आज फुकटच्या ट्रेपेक्षा आधी पैसे भरून निवडलेला डबा सरस ठरतो, हे आमचं स्पष्ट मत. विमानात विकत घ्यायला गेलात तर मोजकेच डबे असतात, मागच्या रांगांपर्यंत छोले संपलेले असतात. जैन किंवा मधुमेहींचं जेवण हवं असेल तर किमान २४ तास आधी नोंदवा. ते बहुधा आधी वाढतात, हाही फायदा.

घरून न्यायचं असेल तर सांबारवडी, म्हणजे कोथिंबिरीची वडी, न्या. गार खाता येते, सांडत नाही, शेजाऱ्याला वासाचा त्रास नाही. पातळ चटणी आणि तेलकट लोणचं सुरक्षा तपासणीत अडू शकतं. आणि सकाळच्या विमानाआधी हरभऱ्याची तर्री घालून पोहे खाण्याचा मोह आवरा. केबिनच्या दाबाला पोटातला वायू जवळजवळ एक तृतीयांशाने फुगतो. पोहे मुंबईहून परतल्यावर, दोन प्लेट.