पानातल्या निवडक लिंका: रेजेक्स की पार्सर?

सोलापुरातल्या एका चादर-टॉवेल व्यापाऱ्यासाठी मला एका वेबपानावरून फक्त दरपत्रकांच्या पीडीएफ लिंका काढायच्या होत्या. सुरुवात रेजेक्सने, म्हणजे मजकुरातला ठराविक नमुना शोधायच्या चिन्हभाषेने, केली.

रेजेक्सला वेगळं काही बसवावं लागत नाही. एडिटरमध्ये, ग्रेप या मजकूर शोधायच्या कमांडमध्ये, कुठंही चालतं. पण नमुना जपून लिहावा लागतो. लिंकेचा पत्ता पानाच्या एचटीएमएल कोडमध्ये अवतरणचिन्हांत असतो. त्या चिन्हांच्या मधे .* (कितीही, कुठलीही अक्षरं) टाकलं की ते हावरटासारखं ओळीतल्या शेवटच्या अवतरणचिन्हापर्यंत पळतं, आणि चार लिंकांचा एकच गुंता हातात येतो. त्याजागी [^"]+ (दुहेरी अवतरणचिन्ह सोडून कुठलीही अक्षरं) लिहिलं की पहिल्याच चिन्हाशी थांबतं. एवढं करूनही माझ्या यादीत दोन जुनी दरपत्रकं आलीच. पानावर ती दिसत नव्हती. कुणीतरी एचटीएमएलच्या कॉमेंटमध्ये झाकून ठेवली होती. शिवाय एकेरी अवतरणचिन्हातली एक चालू लिंक सुटली. जुना दर गिऱ्हाइकाला गेला असता तर? ती धास्ती अजून मनात आहे.

पायथन या प्रोग्रामिंग भाषेतलं ब्यूटिफुल सूप हे पार्सरचं, म्हणजे कोडची रचना ओळखून वाचायचं, साधन. ते पानाची झाडासारखी मांडणी करतं. कॉमेंट वेगळी, टॅग (लिंकेसारख्या घटकाची कोडमधली खूण) वेगळा. अवतरण एकेरी की दुहेरी, फरक पडत नाही. लिंकेत सांकेतिक रूपात लिहिलेलं & चिन्हही ते मूळ रूपात देतं. रेजेक्स ते जसंच्या तसं उचलतं.

जावास्क्रिप्टने मागाहून भरलेल्या लिंका मूळ एचटीएमएलमध्ये नसतील, तर दोघांनाही सापडत नाहीत.

आता मी लिंका पार्सरने काढतो आणि 'शेवटी पीडीएफ, मधे चालू वर्ष' ही चाळणी रेजेक्सने लावतो. स्वतःच लिहिलेल्या, एकसारख्या ओळींच्या फाईलवर मात्र नुसतं रेजेक्सच वापरतो.