ज्यू वारसाफेरी : काळा घोडा की मशीद बंदर? ठाणे-नवी मुंबईकरांसाठी तुलनात्मक आढावा

मुंबईतला ज्यू वारसा पायी फिरून, माहितगाराच्या सोबतीने पाहायचा असेल, तर ठाणे किंवा नवी मुंबईहून निघणाऱ्यापुढे मुख्यतः दोन वाटा असतात. एक काळा घोड्यापासून भायखळ्यापर्यंत पसरलेल्या, बगदाद आणि आसपासच्या प्रदेशांतून आलेल्या बगदादी ज्यूंच्या वास्तूंची, तर दुसरी मशीद बंदर आणि डोंगरीच्या गल्ल्यांतून जाणारी, बेने इस्रायलींच्या, म्हणजे कोकणात पिढ्यान्‌पिढ्या राहिलेल्या मराठीभाषक ज्यूंच्या, जुन्या वस्तीची. दोन्हींना सरसकट ‘ज्यू मुंबई’ म्हटले जात असले, तरी हे दोन समाज वेगळे होते. बगदादींनी बेने इस्रायलींना दीर्घकाळ बरोबरीचे मानले नाही, ही बाबही लक्षात ठेवलेली बरी. कोणती फेरी निवडावी, याचे माझे उत्तर एका साध्या प्रश्नावर अवलंबून आहे : गाइडवाचून जे पाहता येणार नाही, असे कोणत्या फेरीत अधिक आहे?

काळा घोडा परिसर पाहायला सोपा आणि देखणा आहे. १८३२ च्या सुमारास मुंबईत आलेल्या डेव्हिड ससून यांच्या घराण्याचा ठसा इथे पावलोपावली दिसतो. १८७० मध्ये पूर्ण झालेली डेव्हिड ससून लायब्ररीची इमारत आणि तिच्यापासून चार पावलांवर, १८८४ मध्ये डेव्हिड यांचे नातू जेकब ससून यांनी आपले वडील एलियाहू यांच्या स्मरणार्थ बांधलेले केनेसेथ एलियाहू सिनेगॉग (ज्यूंचे प्रार्थनास्थळ), ही इथली मुख्य ठिकाणे होत. या सिनेगॉगचे जतनकाम २०१९ मध्ये पूर्ण झाले आणि आतल्या रंगीत काचा आता पुन्हा उठून दिसतात. परिसराला ज्या पुतळ्यामुळे नाव मिळाले, तो घोडेस्वारही डेव्हिड यांचे पुत्र अल्बर्ट ससून यांनीच शहराला दिला होता. १९६५ मध्ये तो राणीच्या बागेत हलवला गेला. रस्ते रुंद, पदपथ चालण्याजोगे आणि थकल्यावर बसायला उपाहारगृहे जागोजागी असल्याने वयस्कर मंडळी किंवा लहान मुले बरोबर असतील, तर ही फेरी सोयीची ठरते. मात्र इथल्या वास्तू रस्त्यावरूनच ओळखता येतात आणि त्यांच्याविषयी वाचायलाही भरपूर मिळते, त्यामुळे गाइडच्या शुल्काचा मोबदला थोडा कमीच पदरात पडतो. आयोजक याच फेरीत भायखळ्याचे, १८६१ मधले मागेन डेव्हिड सिनेगॉग जोडत असेल, तर गणित बदलते. उंच मनोऱ्याची ती वास्तू आणि शेजारची, आज बहुतांश मुस्लिम मुले शिकत असलेली सर जेकब ससून शाळा यांचा परस्परसंबंध कोणी उलगडून सांगितल्याशिवाय कळत नाही.

मशीद बंदरची गोष्ट निराळी आहे. सॅम्युएल स्ट्रीटवरचे शआर हाराहामिम, म्हणजे मुंबईतले सर्वांत जुने सिनेगॉग, घाऊक बाजाराच्या गर्दीत असे दडले आहे की नेहमीच्या वाटसरूलाही ते सहज सापडू नये. ईस्ट इंडिया कंपनीच्या फौजेतले सॅम्युएल इझिकेल दिवेकर टिपू सुलतानाच्या कैदेतून सुखरूप सुटले आणि त्या कृतज्ञतेपोटी त्यांनी १७९६ मध्ये हे प्रार्थनास्थळ उभारले, अशी समाजात परंपरा आहे. सध्याच्या जागी ते १८६० मध्ये आले. आत गेल्यावर मधोमध कठडा असलेला उंच चौथरा दिसतो, ज्यावरून प्रार्थना चालवली जाते. तोरा या धर्मग्रंथाच्या गुंडाळ्या ठेवलेले कपाट जेरुसलेमच्या दिशेला, म्हणजे आपल्याकडे पश्चिमेला असते, आणि एका बाजूला संदेष्टा एलियाहूसाठी राखलेली खुर्ची असते. त्या खुर्चीचा संबंध मलिद्याशी कसा पोहोचतो, हे जाणकाराकडूनच ऐकावे. भिजवलेल्या पोह्यांत गोडी आणि ओले खोबरे घालून, सोबत फळे मांडून, एलियाहूच्या नावाने नवस फेडायचा, हा विधी मराठी माणसाला जितका ओळखीचा वाटतो, तितका तो जगातल्या इतर ज्यूंना वाटत नाही. दिवेकर, पेणकर, रोहेकर, नवगावकर अशी कोकणातल्या गावांवरून पडलेली आडनावे आणि शनिवारी घाणा बंद ठेवणारे ‘शनवार तेली’ यांचा इतिहास इथे सलगपणे समजतो. म्हणूनच मराठी वाचकाने एकाच फेरीचे पैसे मोजायचे ठरवले, तर ते इथे मोजावेत, असे माझे स्पष्ट मत आहे.

अडचणीही सांगितल्या पाहिजेत. हातगाड्या, टेम्पो आणि डोक्यावर गोण्या घेतलेले हमाल यांच्यामधून वाट काढावी लागते, आणि गुडघ्यांचा त्रास असणाऱ्याला ते झेपणार नाही. बहुतेक पेढ्या बंद असल्याने रविवारची सकाळ त्यातल्या त्यात बरी. ठाण्याहून जलद गाडी मशीदला थांबत नाही, म्हणून धिमी गाडी धरावी. नवी मुंबईकरांना मात्र हार्बरची गाडी थेट मशीदला उतरवते. भायखळ्याला जायचे असेल तर हा हिशेब उलटतो, कारण जलद गाडी तिथे थांबते, पण हार्बर मार्ग तिकडे जातच नाही.

ठाणेकराने आणखी एक पर्याय ध्यानात घ्यावा. टेंभी नाक्याजवळचे शआर हाशामाइम सिनेगॉग १८७९ चे आहे. १९४८ नंतर हजारो बेने इस्रायली इस्रायलला गेले आणि मुंबईच्या जुन्या मोहल्ल्यांतून उरलेल्यांपैकी अनेकजण ठाण्यात आले, त्यामुळे मशीद बंदरला इतिहास अधिक असला, तरी नांदता समाज ठाण्यात आहे. मात्र ही एकाच वास्तूची भेट असल्यामुळे हिला फेरी म्हणता येत नाही, आणि प्रार्थनेच्या वेळी प्रेक्षक म्हणून जाणेही प्रशस्त नाही. आधी परवानगी घ्यावी. नवी मुंबईकरांना पनवेलचे १८४९ चे बेथ एल जवळ पडते. बेने इस्रायलींच्या पूर्वजांची गलबते जिथे फुटली असे मानले जाते ते अलिबागजवळचे नवगाव पाहायचे असेल, तर गाडी करून अख्खा दिवसच द्यावा लागेल.

फेरी कोणतीही निवडली, तरी पैसे भरण्याआधी आयोजकाला फोन करून कोणती सिनेगॉग आतून दाखवणार, हे नेमके विचारावे. एका फेरीत आम्हाला बंद दारासमोर उभे करूनच सगळी कहाणी ऐकवण्यात आली होती. शुक्रवारी सूर्यास्तापासून शनिवारी संध्याकाळपर्यंत शब्बाथ, म्हणजे ज्यूंचा साप्ताहिक विश्रांतीचा पवित्र दिवस, असतो. तेव्हाची तारीख कोणी देऊ केली, तर आत प्रवेश मिळणार नाही असेच समजावे. सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये ज्यूंचे मोठे सण लागोपाठ येत असल्याने त्या काळात अधिक चौकशी करावी. २००८ च्या हल्ल्यानंतर सुरक्षा कडक आहे, म्हणून छायाचित्र असलेले ओळखपत्र जवळ ठेवावे, आणि पुरुषांनी डोके झाकण्यासाठी रुमाल किंवा टोपी न्यावी.