ब्रश कटर घ्यायचाय? पेट्रोल आणि बॅटरीची तुलना, चालवणाऱ्याच्या बाजूने

गवत कापायचं मशीन घेताना बोलणं होतं ते ताकदीचं, किमतीचं आणि एका टाकीत किती वेळ चालतं याचं. ज्याच्या खांद्यावर ते दिवसभर लटकणार आहे त्याच्या कानांचं, बोटांचं, फुप्फुसांचं काय, हा प्रश्न मशीन आल्यावर निघतो. बऱ्याचदा निघतही नाही. म्हणून इथे टू-स्ट्रोक पेट्रोल ब्रश कटर आणि बॅटरीवरचा ब्रश कटर शेजारी ठेवतोय ते एवढंच बघायला, की चालवणाऱ्याला कशात किती सोसावं लागतं.

माझं मत आधीच सांगून टाकतो. मशीन रोज तासन्‌तास चालणार असेल तर बॅटरी घ्या. पण बॅटरी घेतली म्हणजे सुरक्षिततेचं काम झालं असं समजू नका. कान आणि बोटं हळूहळू खराब होतात ती इंजिनाने. डोळा किंवा पाय एका क्षणात जातो तो खाली फिरणाऱ्या पात्याने, आणि तिथे दोन्ही मशीनं सारखीच.

आवाज

पेट्रोल ब्रश कटरचा आवाज चालवणाऱ्याच्या कानाशी साधारण 95 ते 100 डेसिबल असतो, काही मशीनांचा त्याहूनही जास्त. कामाच्या ठिकाणी 8 तासांसाठी 85 डेसिबल ही शिफारस केलेली मर्यादा. 95 म्हणजे त्याहून दहाच जास्त, असं वाटतं. पण अमेरिकेतल्या ‘नायॉश’ या संस्थेच्या हिशेबात दर 3 डेसिबलला वेळ निम्मा होतो: 88 ला 4 तास, 94 ला 1 तास, 100 ला फक्त 15 मिनिटं. म्हणजे उघड्या कानांनी पेट्रोल मशीन चालवणाऱ्याचा दिवसाचा कोटा पहिली टाकी संपायच्या आत संपलेला असतो. कापसाचे बोळे इथे कामाचे नाहीत; इअर मफ किंवा नीट बसणारे इअर प्लगच हवेत.

बॅटरीचं मशीन बरंच शांत, पण मूक नव्हे. त्यातही बरीच मॉडेल्स 80 ते 90 च्या घरात जातात, त्यामुळे दिवसभराच्या कामाला कान झाकायला हवेतच. या शांतपणाचा एक तोटा सहसा कोणी सांगत नाही. पेट्रोल मशीन चालू आहे की बंद, हे लांबूनही कळतं. बॅटरीचं मशीन बटण सोडलं की गप्प, दाबलं की पुन्हा पूर्ण वेगात. मशीनच्या फिरत्या डोक्याभोवती गवत गुंडाळलं गेलं की माणूस वाकून एका हाताने ते ओढतो, दुसरा हात अजून मुठीवरच असतो. तेवढ्यात बोट दाबलं गेलं की संपलं. त्यामुळे बॅटरी मशीनचा पहिला नियम: हात खाली न्यायच्या आधी बॅटरी बाहेर. पेट्रोलमध्येही इंजिन बंद करून स्पार्क प्लगची टोपी काढायची असते.

कंपन

याकडे सगळ्यात कमी लक्ष जातं. वर्षानुवर्षं कंपन सोसलेल्या हातांच्या बोटांना मुंग्या येतात, थंडीत बोटांची टोकं पांढरी पडतात, पुढे शर्टाचं बटण लावणंही जड जातं. एकदा रोग पुढे गेला की हात पूर्वीसारखा होत नाही. युरोपीय संघाच्या नियमांत कंपनाची दिवसाची (8 तासांची) सरासरी 2.5 मीटर प्रति सेकंद वर्ग (कंपनाचं माप) झाली की मालकाने उपाय सुरू करायचे असतात, आणि 5 ही कमाल मर्यादा. मशीनच्या पुस्तिकेत कंपनाचा आकडा दिलेला असतो. तो 5 असेल तर 2 तासांत 2.5 ची पातळी गाठली जाते. आकडा दुप्पट झाला की वेळ निम्मा नाही, पाव होतो. विक्रेत्याला हा आकडा विचारा. तो गोंधळला तर पुस्तिका मागून घ्या.

बॅटरी मशीनमध्ये पिस्टनचे झटके नसल्यामुळे कंपन सहसा कमी असतं. मात्र वाकलेलं पातं किंवा दोन बाजूंना कमी-जास्त लांबीची नायलॉन दोरी लावली की चांगलं मशीनही हात थरथरवतं.

धूर, पेट्रोल आणि चार्जर

टू-स्ट्रोक इंजिन थोडं इंधन न जाळताच बाहेर फेकतं. त्या धुरात कार्बन मोनॉक्साइड आणि बेंझीन असतं, आणि बेंझीनमुळे माणसाला कर्करोग होतो हे सिद्ध झालेलं आहे. भिंतीलगत किंवा दाट झुडपांत वारा नसताना काम करणारा माणूस डोकं दुखतंय म्हणतो तेव्हा प्रत्येक वेळी ऊनच कारण नसतं. पेट्रोलमध्ये मिसळायचं तेल जास्त घातलं तर धूर वाढतो आणि कमी पडलं तर इंजिन जातं; पुस्तिकेत 50:1 (पेट्रोल:तेल) असेल तर लिटरला 20 मिली, अंदाजाने झाकणभर नाही. पेट्रोल भरताना इंजिन थंड झालेलं हवं. सायलेन्सर तापलेला असतो आणि पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड, ती जमिनीलगत पसरते. भरून झाल्यावर मशीन तिथून निदान 3 मीटर लांब नेऊन मगच सुरू करावं.

बॅटरीत हा सगळा त्रास नाही, तिचे धोके वेगळे. आपटलेली, फुगलेली किंवा भिजलेली बॅटरी चार्जरला लावू नका, ऊन लागून तापलेलीही लगेच लावू नका. चार्जिंगची जागा कोरडी आणि सुक्या गवतापासून लांब असावी.

पातं की दोरी: इथे जास्त वेळ घालवा

इंजिनापेक्षा हा निर्णय मोठा. मऊ गवताला नायलॉन दोरी. ती दगडाला लागली तर तुटते, पण खडे उडवतेच. जाड देठ आणि झुडपांना धातूचं पातं. त्यात कापणं सोपं आणि चूक महाग. पात्याचा पुढचा उजवा भाग, घड्याळाच्या भाषेत 12 ते 3 यांमधला, खुंटाला किंवा दगडाला अडकला की मशीन चालवणाऱ्यासकट जोरात झटका खातं. म्हणून उजवीकडून डावीकडे कापत जायचं आणि खुंटाला पात्याची डावी बाजूच लावायची. खांद्याचा पट्टा अडकवलेला असला तर पातं पायापर्यंत सहजी येत नाही. पट्टा काढून हातात धरून चालवणारा माणूस दिसला की काम थांबवा.

दोरीऐवजी तार किंवा साखळीचे तुकडे लावायचा जुगाड कोणी सुचवला तर ऐकू नका. साखळीची कडी सुटून गोळीसारखी जाते. असली धातूची जोडणी युरोपीय संघाने 2012 मध्ये बाजारातून काढायला लावली.

आजूबाजूच्या लोकांपासून 15 मीटर अंतर हा नियम दोन्ही मशीनांना सारखाच. जाळीचा व्हायझर तोंड वाचवतो, पण बारीक कण जाळीतून आत येतात, म्हणून खाली सुरक्षा चष्मा हवाच. मशीनचं गार्ड काढून ठेवणाऱ्याला ते परत लावायला सांगा.

वजनाचं थोडक्यात: पेट्रोल मशीन साधारण 5 ते 8 किलो. मशीनवरच बॅटरी बसवलेलं बऱ्याचदा हलकं. पाठीवरच्या बॅटरीत वजन पाठीवर जातं, कमी होत नाही.

मग घ्यायचं काय?

लोकवस्तीजवळचं रोजचं मऊ गवत असेल तर बॅटरी, दोन जादा बॅटऱ्या आणि नायलॉन डोकं. लांबचं रान, जाड झुडूप, चार्जिंगची सोय नाही, तर पेट्रोल. पण एकाच माणसाला दिवसभर न देता दोघांनी आळीपाळीने. अगदी थोडी जागा असेल तर विळाही चालतो, फक्त पाठ आणि डावा हात जपावा. तणनाशक हा पर्याय कोणी पुढे केला तर डब्यावर पॅराक्वाट लिहिलंय का बघा. हे विष पोटात गेलं तर त्याला उतारा नाही.

दुकानात जाताना मालकाऐवजी मशीन चालवणाऱ्याला पुढे करा. पट्टा त्याच्या उंचीला बसतो का, रेस सोडल्यावर पातं किती वेळात थांबतं, पेट्रोल मशीन नुसतं चालू ठेवलं तर पातं फिरतं का (फिरता कामा नये), हे त्याने स्वतः बघावं आणि पैसे त्यानंतर द्यावेत.