फ्लटरचे ‘इमेज पिकर’ : दोन द्राक्षहंगामांच्या वापरानंतर

आमचे अ‍ॅप द्राक्षबागायतदारांसाठी आहे. तासगाव-पलूस पट्ट्यातील बागायतदार पानावरच्या डागाचे, घडाचे किंवा काडीचे फोटो त्यातून सल्लागाराकडे पाठवतात आणि ही भुरी आहे, डाऊनी आहे (हे दोन्ही द्राक्षावरचे रोग) की नुसती अन्नद्रव्याची कमतरता आहे, हे सल्लागार ते फोटो पाहून सांगतो. फोटोच आला नाही तर बाकीच्या अ‍ॅपला काही काम उरत नाही. त्यामुळे फोटो आणि व्हिडिओ निवडण्याची सोय कोणत्या साधनावर उभी करायची, हा आमच्यासाठी सुरुवातीपासूनच महत्त्वाचा प्रश्न होता. गेले दोन हंगाम आम्ही त्यासाठी फ्लटरच्या (एकाच कोडमधून अँड्रॉइड आणि आयफोनची अ‍ॅप्स बनवण्याच्या साधनाच्या) अधिकृत चमूने सांभाळलेले ‘इमेज पिकर’ हे प्लगइन, म्हणजे अ‍ॅपला जोडायचा तयार भाग, वापरत आहोत.

त्याआधी आम्ही दुसरे एक तयार पॅकेज वापरले होते. त्याचे नाव येथे घेण्याचे कारण नाही. दिसायला ते फारच देखणे होते : आपल्या रंगसंगतीतली गॅलरी, निवडलेल्या फोटोंवर आकडे, खाली सरकणारी पट्टी. मात्र ही गॅलरी अ‍ॅपच्या आत उघडत असल्यामुळे अ‍ॅपला फोनमधील सगळे फोटो वाचण्याची परवानगी मागावी लागत असे. एका बागेत प्रात्यक्षिक देताना परवानगी विचारणारी ती चौकट पडद्यावर आली आणि शेजारी उभ्या असलेल्या बागायतदारांनी विचारले, “साहेब, पान दाखवायचंय एक, मग घरातल्या लग्नाचे फोटो कशाला बघायचेत तुम्हाला?” त्यांनी परवानगी नाकारली, आणि दोनदा नाकारल्यावर अँड्रॉइड ती चौकट पुन्हा दाखवतच नसल्यामुळे पुढे सगळे सेटिंग्जमध्ये जाऊन हाताने चालू करावे लागले. त्यांचा प्रश्न अगदी रास्त होता आणि आमच्याकडे त्याला उत्तर नव्हते.

इमेज पिकरचा मोठा गुण नेमका येथे आहे. हे प्लगइन स्वतःची गॅलरी बांधत नाही, तर फोनच्या कार्यप्रणालीने दिलेला निवडकर्ता उघडते. आयफोनवर 2020 मध्ये आलेल्या आयओएस 14 पासून ‘पीएचपिकर’ आहे, तर अँड्रॉइडवर 2022 च्या अँड्रॉइड 13 पासून ‘फोटो पिकर’ आहे. पूर्वी अख्ख्या कपाटाची किल्ली मागावी लागत असे. आता अ‍ॅप दारात उभे राहते आणि घरमालक आतून हवी तेवढीच वस्तू आणून हातात देतो. निवडकर्ता वेगळ्या प्रक्रियेत चालतो आणि निवडलेल्या फोटोंपलीकडे अ‍ॅपला काहीच दिसत नाही, म्हणून अँड्रॉइडवर गॅलरीची परवानगी मागण्याचा प्रश्नच उद्भवत नाही. जुन्या अँड्रॉइड आवृत्त्यांसाठी हाच निवडकर्ता गूगल प्ले सर्व्हिसेसमार्फत पुरवण्याची व्यवस्था आहे, आणि जिथे तोही मिळत नाही तिथे फायली उघडण्याचा नेहमीचा पडदा येतो. प्ले स्टोअरच्या धोरणाचा रोखही याच दिशेने आहे. अधूनमधून एखादा फोटो जोडणाऱ्या अ‍ॅपने सर्व फोटोंची परवानगी मागू नये, निवडकर्ता वापरावा, हा नियम 2025 पासून सक्तीने लागू झाला. आम्ही त्याआधीच इमेज पिकरकडे वळल्यामुळे ती धावपळ टळली.

आयफोनवर मात्र एक खोच आहे. निवड करण्याच्या आज्ञेत ‘रिक्वेस्ट फुल मेटाडेटा’ नावाचा पर्याय मुळातच चालू असतो आणि तो तसाच ठेवल्यास फोटोसोबतची पूर्ण माहिती मिळवण्यासाठी परवानगीची चौकट येऊ शकते. ज्या अ‍ॅपला ती माहिती नको आहे, त्याने हा पर्याय बंद करावा. कॅमेरा, मायक्रोफोन आणि फोटोंसाठी इन्फो-पीलिस्टमध्ये (आयफोन अ‍ॅपच्या माहितीच्या फाइलमध्ये) लिहावयाची कारणे मात्र टाळता येत नाहीत. कॅमेऱ्याचे कारण लिहायचे राहिले तर कॅमेरा उघडताक्षणी अ‍ॅप बंद पडते. ही कारणे मराठीतही देता येतात आणि ती जरूर द्यावीत. “पानाचा किंवा घडाचा फोटो काढून सल्लागाराला पाठवण्यासाठी” हे एक वाक्य वाचून लोक निर्धास्तपणे ‘होय’ म्हणतात, असे आम्ही पाहिले आहे.

प्लगइन बसवणे आणि पहिला फोटो पडद्यावर आणणे हे एका बैठकीचे काम आहे. एक फोटो, अनेक फोटो, व्हिडिओ, किंवा फोटो-व्हिडिओ मिसळून, अशा प्रत्येक गरजेसाठी वेगळी आज्ञा आहे आणि उत्तरादाखल ‘एक्सफाइल’, म्हणजे निवडलेल्या फाइलचा पत्ता सांगणारी वस्तू, मिळते. वापरकर्त्याने काहीच न निवडता मागे फिरल्यास एकेरी निवडीत रिकामे उत्तर येते. ती चूक समजून लाल अक्षरांत सूचना दाखवण्याचा मोह आवरावा. अनेक फोटो निवडताना संख्येची मर्यादा घालता येते, मात्र ती दोनपेक्षा कमी चालत नाही आणि जुन्या फोनवर निवडकर्त्याऐवजी फायलींचा पडदा उघडला तर ती पाळली जाईलच याचा भरवसा नसतो. त्यामुळे परत आलेले फोटो मोजून घेण्याचे काम आम्ही स्वतःकडेच ठेवले आहे.

खरी परीक्षा ऑक्टोबर छाटणीनंतर झाली. परतीचा पाऊस रेंगाळला की डाऊनी झपाट्याने पसरते आणि त्याच आठवड्यांत अ‍ॅपवर फोटोंची गर्दी होते. तेव्हा आमच्याकडे एकसारख्या तक्रारी येऊ लागल्या : कॅमेरा उघडला, फोटो काढला, बरोबरची खूण दाबली, आणि अ‍ॅप पहिल्या पानावर येऊन उभे राहिले, फोटो नाहीच. आमच्या टेबलावरच्या फोनवर हे एकदाही घडत नव्हते. शेवटी लक्षात आले की तक्रारी येणारे बहुतेक फोन 2 किंवा 3 जीबी रॅमचे होते. कॅमेरा समोर आला की अँड्रॉइड जागा करण्यासाठी मागे गेलेले आमचे अ‍ॅप बंद करत असे आणि फोटो घेऊन परत यावे, तर घेणारा जागेवर नाही, अशी गत होत असे.

यात प्लगइनला दोष देता येणार नाही, कारण त्याच्या माहितीपत्रकात ही शक्यता स्पष्ट लिहिलेली आहे आणि ‘रिट्रीव्ह लॉस्ट डेटा’ नावाचा उपायही दिलेला आहे. आम्ही ते वाचले नव्हते. अ‍ॅप सुरू होताच ही आज्ञा दिली की हरवलेला फोटो परत मिळतो. तरीही येथे एक अर्धवटपणा राहतो, तो सांगायला हवा : फोटो परत येतो, पण तो कोणत्या प्लॉटचा, कोणत्या तक्रारीसाठी होता, हे काही परत येत नाही. म्हणून आता आम्ही कॅमेरा उघडण्यापूर्वीच अर्धा भरलेला अर्ज फोनमध्ये मसुदा म्हणून जपून ठेवतो आणि अ‍ॅप पुन्हा उठल्यावर फोटो त्या मसुद्याला जोडतो. ही स्थिती मुद्दाम घडवून पाहायची असेल तर डेव्हलपर पर्यायांमध्ये ‘डोन्ट कीप अ‍ॅक्टिव्हिटीज’ चालू करावे. दहा मिनिटांत सगळे उघडे पडते. हे आम्ही पहिल्या दिवशी केले असते तर त्या हंगामात तक्रारींचे आलेले कितीतरी फोन टळले असते.

दुसरी गोष्ट मिळालेल्या फाइलच्या मालकीची. प्लगइन निवडलेल्या फोटोची प्रत तात्पुरत्या जागेत ठेवते आणि तिचा पत्ता देते. नवखे विकासक तो पत्ता तसाच डेटाबेसमध्ये नोंदवतात, आणि आम्हीही नोंदवला होता. कॅशमधील, म्हणजे या तात्पुरत्या जागेतील, फाइल फोन केव्हाही पुसू शकतो. शेतात नेटवर्क नसल्यामुळे आमच्या अ‍ॅपमध्ये फोटो दोन-दोन दिवस रांगेत थांबतात, तेव्हा हा धोका कागदावरचा राहत नाही. आयफोनवर आणखी एक गंमत आहे : अ‍ॅप अद्ययावत केल्यावर त्याच्या साठवणीचा संपूर्ण पत्ता बदलू शकतो, म्हणजे फाइल जागेवर असूनही जुना पत्ता खोटा ठरतो. म्हणून निवड होताच फाइल अ‍ॅपच्या कायमच्या फोल्डरमध्ये उतरवून घ्यावी आणि नोंद फक्त फाइलच्या नावाची ठेवावी.

आकाराच्या बाबतीत प्लगइनने दिलेल्या सोयी साध्या पण उपयुक्त आहेत. कमाल रुंदी, कमाल उंची आणि दर्जा हे तीन आकडे निवडीच्या वेळीच देता येतात. आम्ही रुंदी 1600 बिंदू आणि दर्जा शंभरपैकी 80 ठेवला आहे. पानामागची डाऊनीची पांढरी बुरशी ओळखायला तेवढे पुरते, असे आमच्या सल्लागारांनी फोटो शेजारी-शेजारी ठेवून ठरवले. दर्जाचा आकडा सगळ्याच प्रकारच्या फायलींना लागू होत नाही, हे ध्यानात ठेवावे. फोटो लहान न करता पडद्यावर दाखवल्यास काय होते, याचा हिशेब सोपा आहे : 4000 गुणिले 3000 बिंदूंचा फोटो फाइल म्हणून 3-4 एमबीचा असला, तरी दाखवण्यासाठी उलगडल्यावर प्रत्येक बिंदूला चार बाइट धरून मेमरीत 48 एमबी घेतो, आणि फ्लटरच्या प्रतिमा-कॅशची मूळ मर्यादा 100 एमबी आहे. म्हणजे आठ फोटोंची छोटीशी पट्टी दाखवतानाही स्वस्त फोन गुदमरतो. पट्टीतील चित्रांना ‘कॅश विड्थ’ (चित्र मेमरीत उलगडताना ठेवायची रुंदी) दिल्यावर हा त्रास थांबला.

व्हिडिओच्या बाबतीत माझे मत इतके चांगले नाही. कमाल कालावधीचा पर्याय आहे, पण माहितीपत्रकानुसार तो कॅमेऱ्याने घेतल्या जाणाऱ्या व्हिडिओसाठी आहे. गॅलरीतून निवडलेल्या व्हिडिओची लांबी आपणच तपासावी लागते. व्हिडिओ लहान करण्याची सोय या प्लगइनमध्ये नाही. आयफोनवर 30 फ्रेमने घेतलेल्या 1080पी व्हिडिओचा एक मिनिट नव्या साठवण-पद्धतीतही सुमारे 60 एमबी भरतो आणि फोर-के असेल तर सुमारे 170 एमबी. बागेच्या एका ओळीतून चालत चालत व्हिडिओ घेणारा बागायतदार चार मिनिटे सहज घेतो. शिवाय व्हिडिओ आयक्लाउडवर असेल तर तो आधी फोनमध्ये उतरावा लागतो. त्या वेळात प्लगइन किती काम झाले हे काहीच कळवत नाही, नुसते थांबून राहते. वापरकर्त्याला वाटते अ‍ॅप अडकले, आणि तो मागे जातो. आम्ही तेथे “व्हिडिओ तयार होत आहे, थोडे थांबा” असा पडदा लावला आहे. प्रगतीचा आकडा दाखवता आला असता तर अधिक बरे झाले असते.

स्थळाच्या नोंदीबद्दलही आधीच जाणून घ्यावे. अँड्रॉइडचा फोटो पिकर फोटोतील जीपीएसची माहिती काढून टाकूनच फोटो हाती देतो. खाजगीपणाच्या दृष्टीने ते योग्यच आहे, पण ज्यांचे काम स्थळावर चालते त्यांची अडचण होते. विकिमीडिया कॉमन्स या मुक्त छायाचित्र-संग्रहाच्या अँड्रॉइड अ‍ॅपमध्ये तर याच कारणासाठी फायलींच्या पडद्यातून फोटो निवडण्याचा वेगळा पर्याय ठेवलेला आहे. आम्ही फोटोतून स्थळ काढण्याचा नाद सोडला आणि प्लॉट निवडण्याची यादी दिली. तारखेबाबतही तसेच. गड्याने व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलेला फोटो मालक अ‍ॅपमधून पुढे पाठवतो तेव्हा त्यात मूळ तारीख नसते, कारण व्हॉट्सअ‍ॅप ती माहिती पाठवतानाच गाळते. फवारणीनंतर डाग वाढला की थांबला, हे ठरवायला तारीख फार मोलाची असते. म्हणून फोटो कधीचा, हे आम्ही सरळ विचारतो.

देखणेपणा हवा असलेल्यांना मात्र हे प्लगइन नीरस वाटेल. निवडकर्त्याचा रंग, अक्षरे, मांडणी काहीच आपल्या हातात नाही आणि बटणे फोनच्या भाषेत येतात. आमच्या ग्राहकांपैकी पुष्कळांचे फोन इंग्रजीत असल्यामुळे सगळे अ‍ॅप मराठीत आणि मधला एक पडदा इंग्रजीत, असे विचित्र दृश्य दिसते. स्वतःची गॅलरी बांधायचीच असेल तर ‘फोटो मॅनेजर’सारखी पॅकेजेस आहेत, पण त्यांच्याबरोबर परवानगीची चौकट आणि प्ले स्टोअरला द्यायचे स्पष्टीकरणही आलेच. छायाचित्रे सांभाळणे हाच ज्या अ‍ॅपचा मूळ धंदा आहे, त्याला ते परवडेल. आमच्यासारख्यांना त्याची गरज नाही.

फोटोंसाठी मी या प्लगइनला पाचपैकी साडेचार गुण देईन आणि व्हिडिओसाठी तीन. या हंगामापासून आम्ही व्हिडिओ 40 सेकंदांपुरता मर्यादित केला असून तो निवडल्यानंतर वेगळ्या साधनाने लहान करून पाठवतो. एप्रिलच्या खरड छाटणीनंतर प्रात्यक्षिकासाठी त्याच बागेत पुन्हा गेलो, तेव्हा त्या बागायतदारांनी स्वतःच फोन काढून तीन फोटो निवडले आणि मला विचारले, “आता ती चौकट येत नाही का हो?”